रोजची मॅच आणि रोजचं घर: बॉस्टनजवळ राहून रेड सॉक्सचं वेड कसं सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा: मूळचं पुण्याचं कुटुंब, दोन वर्षांपूर्वी बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहायला आलंय. दहा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या नादाने रेड सॉक्सच्या, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाच्या, प्रेमात पडली आहेत. आईवडील दोघंही नोकरी करणारे. दोघांनाही क्रिकेट कळतं, बेसबॉल कळत नाही. मुलाचं नाव लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, घातलंय, परसात यंदा भाजी लावायची आहे, मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, आणि त्यात जवळजवळ रोज मॅच. "हे सगळं एका घरात बसतं का, की काहीतरी सोडावं लागेल?" असं त्या बाईंनी विचारलंय.

बसतं. मी बरीच वर्षं इथे राहते, आमच्या गावच्या लिटल लीगची स्कोअरर आहे, परसात भाजी करते आणि रेड सॉक्सवर मनापासून प्रेम करते. यातलं काही सोडावं लागत नाही. फक्त क्रिकेट बघायची आपली जी सवय आहे ती मात्र बाजूला ठेवावी लागते.

आपल्याकडे मॅच असली की घर थांबतं. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी स्वयंपाकही लवकर उरकतात. बेसबॉलला हा नियम लावलात तर जूनपर्यंत घरात भांडणं सुरू होतील, कारण मोसमात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. मार्चच्या शेवटी सुरू होतात आणि सप्टेंबरच्या शेवटी संपतात. त्यातले ८१ घरच्या मैदानावर. आठवड्याला सहा-सात सामने झाले. म्हणजे हा रोजचा वरण-भात आहे, सणाचं जेवण नाही. रोज सगळ्यांनी समोर बसून बघायचा हा खेळच नाही. घरातली कामं चालू असताना शेजारी चालू राहील, मध्येच कान टवकारले जातील आणि पुन्हा आपण भाजी चिरायला लागू, असा तो आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला: आठवड्याच्या दिवशी टीव्ही नको, रेडिओ लावा. रेड सॉक्सचे सामने ९३.७ एफएमवर लागतात, त्याला पैसे पडत नाहीत. टीव्हीवर मॅच लावली की मुलं सोफ्यावर खिळतात, गृहपाठ मांडीवर तसाच राहतो आणि जेवणाचं ताट हातात घेऊन सगळे एका दिशेला बघत बसतात. रेडिओ लावला की हात मोकळे राहतात. मुलगा डबे धुतो, मुलगी चित्र काढते, तुम्ही पोळ्या लाटता, आणि चेंडू डाव्या भिंतीकडे गेला की सगळे एकदम थबकतात. ज्यांनी लहानपणी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकलंय त्यांना हे सुख वेगळं सांगायला नको. तुमच्या सासूबाई त्या पिढीतल्या असतील तर रेडिओशी त्यांची ओळख तुमच्याआधी होईल. इथे जो कॅस्टिग्लिओनी नावाचे समालोचक १९८३ पासून २०२४ पर्यंत रेड सॉक्सचा रेडिओवरचा आवाज होते. न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत लोक त्यांच्या आवाजावर मोठे झाले.

झोपेचं काय, हेही त्या प्रश्नात होतं. घरचे सामने बहुतेक संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात. २०२३ मध्ये पिचरसाठी, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्यासाठी, घड्याळ आलं (बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, कुणी नसताना १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करावीच लागते), तेव्हापासून पूर्वी तीन तासांहून लांबणारा सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांवर आला आहे. तरीही सात वर्षांच्या मुलीला तो शेवटपर्यंत ऐकता येणार नाही, आणि ऐकू देऊही नये. आमच्या घरी नियम होता: शाळेच्या आदल्या रात्री नऊपैकी पाचवी इनिंग संपली की दिवे बंद, मग कुणीही पुढे असो. आणि संघ कॅलिफोर्निया किंवा सिअॅटलला गेला की सामने आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात. ते मुलांनी सकाळीच वाचायचे. सकाळी दुधाचा कप घेऊन काल काय झालं ते आकड्यांच्या तक्त्यात शोधायचं, यात मुलांना फार मजा येते. शेवटचा स्कोअर आपण आधी सांगून टाकायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

आता ज्या गोष्टीने तुमच्या घराला हा खेळ खरोखर कळेल तिच्याकडे येते: स्कोअरकार्ड. वहीत हाताने मॅच लिहिणे. मोबाइलवर सगळं फुकट दिसत असताना हे कशाला, असं तुमचे यजमान म्हणतील. पण नियमांचं पुस्तक वाचून बेसबॉल कळायला जे दोन मोसम लागतात, ते लिहायला लागल्यावर तीन-चार मॅचमध्ये कळतं. कारण लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं लागतं: हा बाद कसा झाला? चेंडू कुणी अडवला? पुढे कुणाकडे फेकला?

तेवढ्यापुरते नियम असे. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना बॅटिंग, तीन बाद झाले की पाळी बदलते. फलंदाजाने बॅट फिरवून चेंडू चुकवला, किंवा पट्ट्यात आलेला चेंडू सोडून दिला, की स्ट्राइक; तीन स्ट्राइक झाले की तो बाद. चार बॉल, म्हणजे पट्ट्याबाहेरचे चार चेंडू त्याने सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट. चार बेस फिरून घरी आला की एक धाव. सुरुवातीला एवढं पुरे.

मैदानावरच्या नऊ जणांना आकडे दिलेले असतात. १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट. हे जर्सीवरचे नंबर नव्हेत, जागांचे नंबर आहेत. आता समजा पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे आणि फलंदाजाने शॉर्टस्टॉपकडे जमिनीलगत चेंडू मारला. शॉर्टस्टॉपने उचलून दुसऱ्या बेसवाल्याकडे दिला, पहिला गडी बाद. त्याने बेसवर पाय टेकवून तसाच वळून पहिल्या बेसकडे फेकला, फलंदाजही बाद. एका चेंडूत दोघं. वहीत काय लिहायचं? ६-४-३. बस. त्या तीन आकड्यांत चेंडूचा सगळा प्रवास आला. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, चौकोनात एक छोटी शंकरपाळी. पहिल्या बेसवर पोचला तर उजवीकडची खालची बाजू गडद करायची, दुसऱ्यावर गेला तर वरची, आणि पूर्ण फिरून आला तर शंकरपाळी आतून भरून टाकायची. भरलेल्या मोजल्या की धावा मिळाल्या. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के; तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. माझ्या मुलीला हा उलटा के काढायला इतका आवडायचा की ती त्याचीच वाट बघत बसे.

माझ्या सासूबाई हे सगळं देवनागरी आकड्यांत लिहायच्या. जुन्या हिशेबाच्या वहीत, रेघा मारून, खेळाडूंची नावं स्वतःच्या उच्चारांत. त्यांना इंग्रजी समालोचनातलं निम्मं कळत नसे, पण "सिक्स-फोर-थ्री" म्हटलं की पेन आपोआप चाले. नातवंडं गृहपाठ संपवून आली की आजीकडे वही मागायची आणि ती सोडून गेलेल्या इनिंगमध्ये काय झालं ते आजी वाचून दाखवायची. परक्या देशात दिवसभर घरात बसून असलेल्या बाईला संध्याकाळी घरातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आपल्याकडे आहे असं वाटणं, ही लहान गोष्ट नाही. तुमच्या सासूबाई आल्या की त्यांना टीव्हीसमोर बसवून तुम्ही कामाला जाऊ नका. त्यांच्या हातात वही द्या.

या लिखाणाचं आपल्या क्रिकेटशी नातंही आहे. आकड्यांचा हा तक्ता ज्यांनी रूढ केला ते हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडमधल्या एक्सेटरचे, जन्म १८२४चा. न्यूयॉर्कला येऊन वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहीत होते. क्रिकेटचा धावफलक डोक्यात ठेवूनच ते बेसबॉलकडे वळले. तीन स्ट्राइकवर बाद झालेल्यासाठी के हे अक्षरही त्यांचंच. त्यामुळे क्रिकेट कळणाऱ्या घराला बेसबॉल परका नाही, असं मी खात्रीने म्हणते.

वहीचा आणखी एक उपयोग म्हणजे गणित. मुलगा दहा वर्षांचा आहे, भागाकार चालू असतील. त्याला टेड विल्यम्सची १९४१ ची गोष्ट सांगा. रेड सॉक्सचा हा फलंदाज मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ४४८ पैकी १७९ वर होता, म्हणजे ४४८ वेळा बॅटिंग करून १७९ वेळा फटका मारून बेस गाठलेला. मुलाला भागायला सांगा: ०.३९९५ आणि वर थोडं. तीन दशांश स्थळांपर्यंत घेतलं तर ते .४०० धरलं गेलं असतं, आणि .४०० ही बेसबॉलमधली अशी सरासरी आहे की तेव्हापासून आजवर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या (आजच्या दोन मुख्य लीग) पूर्ण मोसमात ती कुणी गाठलेली नाही. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. बाकावर बसून राहिला असता तर आकडा हातात होता. तो दोन्ही खेळला आणि ८ पैकी ६ वेळा यशस्वी झाला. आता १८५ भागिले ४५६ करायला लावा. .४०६ येतं. माझ्या मुलाने हा भागाकार केला तेव्हा उत्तर आल्यावर तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

पुढे बाग. तुम्ही लिहिलंय की बागेला वेळ कुठून काढणार. इथला बागेचा मोसम आणि बेसबॉलचा मोसम जवळजवळ एकच आहे, आणि मी तर वर्षानुवर्षं एकाच्या तारखांवर दुसरं लक्षात ठेवते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फेनवे पार्कमधून, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानातून, सरावासाठी संघाचं सामान भरलेला ट्रक फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सकडे निघतो. बाहेर बर्फ असतो, तरी लोक तो निघताना बघायला जमतात. ट्रक गेला की मी मेपलच्या झाडांकडे बघायला लागते. रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब, असे दिवस फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाले की झाडातला रस चढतो. तुमच्या परसात शुगर मेपल असेल तर एक भोक पाडून बादली लावा. मुलांना यापेक्षा चांगला मार्च मिळणार नाही. चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा गॅलनभर पाक होतो, म्हणून तो बाहेर अंगणातच आटवायचा. आत केलात तर वाफेने भिंतींचे कागद सुटतात. फ्लोरिडातले सराव सामने दुपारी एकच्या सुमाराला असतात. शनिवारी दुपारी अंगणात रस उकळतोय आणि खिडकीत ठेवलेल्या रेडिओवर सराव सामना चालू आहे, ही माझी वर्षातली सगळ्यात आवडती दुपार. याच सुमाराला, मार्चच्या मध्यात, मिरचीचं बी घरात लावून घ्या. मिरचीला आठ-दहा आठवडे घरातच वाढवावं लागतं. टोमॅटो एप्रिलच्या सुरुवातीला चालेल.

एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे पेट्रियट्स डे. मॅसॅच्युसेट्सला सुट्टी असते, बॉस्टन मॅरेथॉन असते आणि रेड सॉक्सचा सामना त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास असतो. इथले जुने बागवाले म्हणतात, मटार याच दिवसापर्यंत जमिनीत गेला पाहिजे. म्हणून सकाळी रेडिओ अंगणात, हातात फावडं, आणि मुलांनी मटार टोचायचा. मेथी, पालक, कोथिंबीरही त्याच दरम्यान पेरा. हे सगळं थंडीत खूश असतं. आपल्या मनात मेथी-कोथिंबीर म्हणजे कधीही येणारी भाजी. इथे जुलैच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर जाते आणि माणसं म्हणतात माती वाईट आहे. माती चांगलीच असते, वेळ चुकलेली असते.

घरात वाढवलेली मिरची आणि टोमॅटो मेच्या शेवटच्या सोमवारच्या, म्हणजे मेमोरियल डेच्या, आधी बाहेर लावू नका. मेच्या मध्यापर्यंतही इथे एखादी रात्र दगा देते. भेंडीला तर माती नीट गरम झालेली लागते, ती जूनमध्ये. सासूबाई मेमध्ये येताहेत तर त्यांना नेमकी लावणीची वेळ मिळेल. अळूचा कंद मोठ्या कुंडीत लावायला द्या, हिवाळ्यात कुंडी आत घेता येते.

आणि लसूण. लसूण ऑक्टोबरमध्ये लावतात, जेव्हा वर्ल्ड सिरीजची, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यांची, धामधूम असते, आणि जुलैच्या मध्यात काढतात, जेव्हा ऑल-स्टारची, म्हणजे निवडक खेळाडूंच्या खास सामन्याची, सुट्टी असते. त्या आठवड्यात तीन-चार दिवस रेड सॉक्सचा सामना नसतो. मुलं "आज काय करायचं" म्हणून घरभर फिरतात. त्यांना लसूण उपटायला लावा. गड्ड्या जुड्या बांधून गराजमध्ये टांगायच्या, दोन-तीन आठवड्यांत वाळतात. त्याआधी जूनमध्ये झाडाला जे कोवळे वळलेले दांडे येतात ते कापून घ्या. त्यांचं पिठलं करा, नाहीतर खोबरं घालून चटणी.

पावसाने फेनवेला सामना थांबला तर तुमच्याकडेही बहुधा पाऊस असतो. त्या दिवशी पाणी घालायचं काम वाचतं आणि मॅचही नाही, म्हणून तो आमच्याकडे पत्त्यांचा दिवस.

ऑगस्टच्या शेवटापासून जरा ओढाताण होते, हे आधीच सांगून ठेवते. टोमॅटो एकदम पिकतात, शाळा सुरू होते, गणपती येतात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमी असतात, सफरचंदांच्या बागांना जायचं असतं आणि नेमके त्याच वेळी सामने महत्त्वाचे होतात. इथे मी सरळ प्राधान्य ठरवते: आरतीच्या वेळी रेडिओ बंद. मुलं कुरकुर करत नाहीत, कारण नियम दर वर्षी तोच असतो. टोमॅटो धुऊन तसेच फ्रीझरमध्ये टाका, चटण्या-सॉस नोव्हेंबरमध्ये करा. सप्टेंबरमध्ये सगळं करायला जाऊ नका.

लिटल लीगबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण क्रिकेटवाल्या घरांतून येणाऱ्या मुलांत मला त्या पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली ग्लोव्हची. मुलगा उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह डाव्या हातात जातो. दुकानात बरेच आईवडील "मुलगा उजवा आहे" म्हणून उजव्या हातात बसणारा ग्लोव्ह घेऊन येतात आणि पहिल्याच सरावाला बदलून आणायला जातात. बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का आहे का तेही बघून घ्या, त्याशिवाय बहुतेक ठिकाणी खेळू देत नाहीत. दुसरी गोष्ट हाताची. क्रिकेटमध्ये बोलिंगला कोपर सरळ ठेवायची सवय लागते. इथे कोपर वाकवून, खांद्याच्या वरून फेकायचं असतं. घरी बाबांनी सराव घ्यावा, जरूर घ्यावा, पण आधी प्रशिक्षक कसं फेकायला सांगतात ते बघून. आणि झेल घेताना चेंडू कमरेच्या वर असेल तर ग्लोव्हची बोटं आकाशाकडे, कमरेखाली असेल तर जमिनीकडे; मुलं हे विसरतात आणि चेंडू हनुवटीवर घेतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचा मुलगा पिचिंग करायला लागला तर त्याने किती चेंडू टाकले हे तुम्ही स्वतः मोजा. लिटल लीगचा नियम नऊ-दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला ७५ चेंडूंपर्यंतच परवानगी देतो. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. स्कोअरर मोजतेच. पण आजकाल मुलं एका वेळी दोन संघांत खेळतात आणि दुसऱ्या संघातले चेंडू पहिल्या संघाच्या वहीत नसतात. वाढत्या वयातला खांदा आणि कोपर एकच असतं. "दुखतंय" असं मूल म्हणालं की त्या दिवशी खेळ थांबला, यावर माझ्याशी कुणीही वाद घालू नये.

हरण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुमची मुलगी हरल्यावर रडते असं तुम्ही लिहिलंय. २०१८ मध्ये रेड सॉक्सनी १०८ सामने जिंकले, संघाच्या इतिहासातले एका मोसमातले सर्वाधिक विजय, आणि त्या मोसमातही ५४ हरले. म्हणजे सगळ्यात चांगल्या वर्षीसुद्धा पन्नासहून जास्त संध्याकाळी उदास असणार होत्या. २०१२ मध्ये ९३ सामने हरून संघ आपल्या विभागात तळाला होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, वर्ल्ड सिरीज जिंकला. सात वर्षांच्या मुलीला हे आकडे लगेच पटणार नाहीत. रडू द्या. "खेळच तर आहे" असं मात्र म्हणू नका. तिला तो खेळ वाटत नाही, आणि तिचं बरोबर आहे. उद्या पुन्हा मॅच आहे एवढं सांगा. या खेळात ते जवळजवळ नेहमीच खरं असतं.

२००४ ची गोष्ट मात्र तिला झोपताना जरूर सांगा. रेड सॉक्स १९१८ नंतर ८६ वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकले नव्हते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सातपैकी चार जिंकायचे होते आणि पहिले तिन्ही हरले. चौथ्या सामन्यात, १७ ऑक्टोबरला फेनवेवर, नवव्या इनिंगमध्ये ४-३ ने मागे. समोर यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा, ज्याच्याविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये धाव मिळणं दुर्मीळ. केव्हिन मिलारला चार बॉल मिळून पहिला बेस मिळाला. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्सला आणलं. तो दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता तिकडे पळायला, आलाय हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं. रिवेराने त्याला अडकवायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचरची फेक चांगली होती, रॉबर्ट्सचा हात बेसवर पोचला तो किंचित आधी. पुढच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझने होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, मारून सामना संपवला. त्यानंतरचे तिन्ही जिंकून, आणि मग वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसच्या संघाला ४-० हरवून, २७ ऑक्टोबरच्या रात्री विजेतेपद आलं. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं आणि आपल्या पंचांगाप्रमाणे कोजागरी. सासूबाईंनी दूध आटवून ठेवलं होतं पण ग्रहण सुटेपर्यंत कुणाला द्यायला तयार नव्हत्या. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा रस्त्यावर लोक भांडी वाजवत होते आणि आम्ही ग्रहण सुटायची वाट बघत जागे होतो.

लाडका खेळाडू दुसऱ्या संघात जाणं हे मुलांना हरण्यापेक्षा जड जातं. २०२० च्या फेब्रुवारीत मुकी बेट्स लॉस एंजेलिसला गेला, २०२५ च्या जूनमध्ये रफाएल डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. आमच्या लीगमधल्या मुलांच्या पाठीवर त्यांचीच नावं होती. जर्सी फेकून देऊ नका. खेळाडू गेला तरी त्याच्यावर प्रेम करायला मनाई नाही, आणि त्याचे सामने रात्री दहाला का असतात हे त्या निमित्ताने नकाशावर कळतं.

एक गोष्ट कडक शब्दांत. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३ पासून मोबाइलवर सट्टा कायदेशीर आहे आणि प्रक्षेपणात त्याच्या जाहिराती सतत असतात. वय २१ असावं लागतं, पण जाहिरात दहा वर्षांचं मूलही ऐकतं. आमच्याकडे जाहिराती सुरू झाल्या की आवाज बंद करायचं काम मुलांचं असे, आणि का, हे त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं. घरातल्या मोठ्यांनी गंमत म्हणूनही त्या अॅपला हात लावू नये.

राहता राहिला फेनवे पार्क. सासूबाईंना घेऊन सगळ्यांनी जावं का? जावं, पण पहिली मॅच तिथे नको. आधी वूस्टरला जा. रेड सॉक्सचा खालच्या पातळीचा संघ २०२१ पासून तिथल्या पोलर पार्कवर खेळतो. तिकीट परवडतं, गाडी लावता येते, मुलं खेळाडूंच्या जवळ जाऊ शकतात, आणि चौथ्या इनिंगला मुलगी कंटाळली तर उठून घरी येताना जीव तुटत नाही. फेनवे जून-जुलैसाठी ठेवा. एप्रिलच्या संध्याकाळी तिथे समुद्राकडून बोचरा वारा येतो आणि आजींचे गुडघे आखडतात. मैदान १९१२ चं आहे. छपराखालच्या जुन्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत आणि काही जागांपुढे सरळ खांब येतो, म्हणून तिकीट घेताना "दृश्य अडतं" असं लिहिलंय का ते नीट वाचा. राइट फील्डकडच्या उघड्या बाकांवर संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. आजींसाठी तिसऱ्या बेसच्या बाजूची, छपराखालची जागा घ्या. गाडी न्यायची नाही, मेट्रोच्या ग्रीन लाइनने केनमोरला उतरायचं. पोचल्यावर मुलांना डावीकडची ती ३७ फुटी हिरवी भिंत दाखवा आणि तिच्या पायथ्याचा धावफलक. तो अजूनही भिंतीच्या आत बसलेली माणसं हाताने आकडे लावून चालवतात. वही बरोबर घ्या, पेन्सिली दोन घ्या.